जनुकांची वंशावळ

चेहरेपट्टी जुळली म्हणून दोन माणसे एका घराण्यातील ठरत नाहीत. त्यासाठी वंशावळ पाहावी लागते. पिकांच्या जनुकांचेही तसेच आहे. हरितक्रांतीत गहू व भात यांच्या बुटक्या जाती आल्या. भरपूर खत दिले तरी त्या सहसा लोळत नाहीत. दोहोंचा बुटकेपणा एकाच जनुकामुळे आला असावा, असे कोणासही वाटेल.

वस्तुस्थिती निराळी आहे. गव्हातील हे जनुक मक्यातील एका जनुकाचे भावंड असल्याचे १९९९ मध्ये सिद्ध झाले. त्यातील बदलामुळे जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकास झाड पुरेशी दाद देत नाही. भातातील जनुक मात्र २००२ मध्ये वेगळेच आढळले. तेथे ते संप्रेरकच कमी तयार होते.

अशी नाती पडताळण्यासाठी शास्त्रज्ञांनी संगणकावर जनुककोश उभारले आहेत. 'ग्रॅमीन' या कोशात भात, मका, ज्वारी आदी पिकांतील एकाच पूर्वजापासून आलेली जनुके रचनेवरून ओळखून एकत्र मांडली जातात. एका पिकातील शोध दुसऱ्यास उपयोगी पडेल काय, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. अंतिम निर्णय मात्र शेतातील चाचणीनेच व्हावयाचा असतो.