मोकळी हवा

'हवा' हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी हे किल्ले दिसतात आणि अंगाला मोकळी हवा लागते. तिच्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही, म्हणून तिची किंमत आपल्याला कळत नाही. समुद्रापलीकडच्या मुंबई शहराला ती फार मोठे दुःख सोसून कळली.

१८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. तेथे धान्याची कोठारे होती आणि कोठारांत उंदीर होते. शेजारच्या चाळींत माणसे दाटीवाटीने राहत. हजारो माणसे मरण पावली. लाखो लोक शहर सोडून गेले. डॉ. हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक लशीला घाबरत होते, तेव्हा तिसरे आगाखान यांनी सर्वांसमोर लस घेतली.

अंधाऱ्या, कोंदट घरांमुळे प्लेग होतो, असे त्या काळी पुष्कळांना वाटे. म्हणून १८९८ मध्ये सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. समुद्राचा वारा वस्तीत यावा म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले. पण रस्त्यांसाठी ज्या गरिबांची घरे पाडली, त्यांतील अनेकांना दुसऱ्या दाट चाळींतच आसरा शोधावा लागला.

पुढे कळले, की प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो. मग हवा आणि उजेड यांची गरज नव्हती का? होती! क्षयरोगाचे जंतू रोग्याच्या खोकल्यातून हवेत येतात. बंद खोलीत ते बराच वेळ टिकतात. वारा त्यांना बाहेर नेतो आणि ऊन त्यांना मारते.

आज गोवंडी-मानखुर्द भागातील काही पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना अगदी खेटून उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. जेथे हवा आणि उजेड कमी, तेथे क्षयरोग अधिक, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. झोपडी जाऊन पक्के घर मिळाले, पण घरात हवा आली नाही!

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी शहरात जाईल. तेथे खोली घेताना भाडे विचारा, तशी खिडकीही पाहा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात जा. तेथे क्षयरोगाची तपासणी व औषधे मोफत मिळतात. आणि तुमच्यापैकी कोणी इंजिनिअर झाला किंवा झाली, तर दोन इमारतींमध्ये वाऱ्यासाठी वाट ठेवा. घर बांधणाराही लोकांचे आरोग्य राखतो.

शब्दार्थ
कोठार – धान्य साठवण्याची जागा
कोंदट – जेथे मोकळी हवा येत नाही असे
आसरा – राहण्यासाठी आधार, निवारा

स्वाध्याय
१. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रुंद रस्ते का काढले?
२. 'पक्के घर मिळाले, पण घरात हवा आली नाही' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या वर्गात वारा कोठून येतो व कोठून जातो, ते पाहा आणि पाच वाक्ये लिहा.