घर आधी, उंदीर मागाहून

पोरी, पांढरा उंदीर पाळायचाय म्हणतेस, खुशाल पाळ. मोठा हुशार आणि माणसाळणारा जीव आहे तो. पण आधी त्याचं घर उभं राहू दे, मग त्याला आण. आणून खोक्यात ठेवायचं आणि मग पिंजऱ्याच्या मागे धावायचं, हे त्या जिवावर अन्याय करण्यासारखं आहे. त्याचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. त्यातला प्रत्येक महिना मोलाचा असतो.

एकटा तर आणूच नको. उंदीर कळपात राहणारा आहे, एकटा पडला की झुरतो. दोन आण, पण दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या. पिल्लं पाच-सहा आठवड्यांत वयात येतात, मादी 21 ते 23 दिवसांत विते आणि एका खेपेला आठ-दहा पिल्लं सहज होतात. नर-मादीची जोडी आणलीस तर उन्हाळा संपायच्या आत घर भरेल.

पोपटाचा पिंजरा घेऊ नको. त्याच्या गजांमधून लहान उंदीर निसटतो. डोकं शिरलं की बाकीचं अंग मागोमाग निघतं. त्यापेक्षा वेल्डिंगवाल्याकडून करून घे. दोघांसाठी अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दोन-अडीच फूट उंच. जाळीचं भोक अर्ध्या इंचाहून मोठं नको. साध्या जस्ताच्या जाळीवर त्यांचं मूत मुरतं, वास जात नाही आणि पुढे गंज धरतो. म्हणून नांदेडला नेऊन पावडर कोटिंग करून आण. दार एवढं मोठं ठेव की दोन्ही हात आत घालून कोपरान् कोपरा पुसता येईल. लहान दाराचा पिंजरा कुणीच नीट साफ करत नाही, मग सगळी शिक्षा उंदराला होते.

तळ मात्र जाळीचा नको. दिवसरात्र तारेवर चालून तळपायाला फोड येतात आणि ते चिघळतात. तळाला पत्रा लाव, वर जाड अंथरूण घाल. काचेची पेटीही नको. तिच्यात हवा खेळत नाही, मुताचा उग्र वाफारा आतच कोंडतो आणि उंदराचं फुफ्फुस मुळात नाजूक. पाळीव उंदीर दगावतात त्यात छातीचे आजार फार असतात. म्हणून पिंजऱ्याच्या खोलीत उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, डांबरगोळ्या काही नको. चूलही नको आणि फोडणीचा धूरही नको. देवघराला आपली वेगळी खोली आहे, ते बरंच आहे.

अंथरायला कडबा-भुसा वापरशील, आपल्याकडे तोच हाताशी असतो. वापरू नको. त्यात धूळ आणि गोचीड-पिसवांची भीती. सॉ मिलचा भुसाही नको, कुठल्या लाकडाचा आहे ते कळत नाही आणि वास असलेलं लाकूड छातीला बाधतं. कोऱ्या कागदाच्या पट्ट्या, पुठ्ठा, जुन्या सुती लुगड्याचे तुकडे पुरे. तुकड्यांचे सुटे धागे आधी कापून टाक, बोटाला गुंडाळले तर बोट जातं. ओला कोपरा रोज काढ, सगळं आठवड्याला बदल. मात्र जुन्या अंथरुणाची एक मूठ नव्यात राहू दे. आपला वास पुसला गेला की ते घाबरून सगळीकडे मुतत सुटतात.

आत दोन-तीन मजले कर आणि मधे कापडाच्या झोळ्या टांग. पडला तर झोळीत पडेल. लपायला आडवं मडकं ठेव. पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, तेव्हा कुरतडायला नारळाची करवंटी दे. चाक दिलंस तर भरीव पृष्ठभागाचं, फूटभर व्यासाचं. तारेच्या चाकात पाय अडकतो. पाण्याची बाटली बाहेरून लाव आणि तिची नळी रोज बोट लावून बघ, नळीतली गोळी अडकली तर बाटली भरलेली असूनही तो तहानलेला राहतो.

आता आपल्या बिलोलीच्या उन्हाळ्याचं. पारा चाळिशी ओलांडतो, वीज जाते, आणि उंदराला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो शेपटीतून बाहेर टाकतो. हवा तिशीच्या वर गेली की त्याला जड जातं. पत्र्याच्या खोलीत किंवा स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर त्याला ठेवू नको. जुन्या माळवदाची आतली खोली सगळ्यात उत्तम. पण तिथे मातीच्या भिंतीत घरउंदीर असतात, म्हणून पिंजरा भिंतीपासून हातभर दूर, लोखंडी टेबलावर. कूलरचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नको. दुपारी गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेव. लाळ गळून तो लांब पसरलेला दिसला, तर पाय आणि शेपूट साध्या गार पाण्याने ओली कर, बर्फाने नको, आणि डॉक्टर गाठ. खिडकीतलं ऊनही टाळ. लाल डोळ्यांत रंग नसतो, कडक उजेडाने आतला पडदा खराब होतो.

घरउंदरांपासून लांब ठेव म्हणते त्याला आपल्या मराठवाड्याचंच कारण आहे. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला. तो पसरतो रानउंदीर-घरउंदरांच्या पिसवांतून. तुझा पांढरा उंदीर पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेला, वेगळ्या जातीचा. पण पिसवांना जात कळत नाही. शेजारचे लोक तुझ्या उंदराला बघून घाबरले तर चिडू नको. मामल्याची बातमी ज्यांनी ऐकली त्यांच्या मनात ती अजून आहे. पिंजरा, जाळी, स्वच्छता त्यांना दाखव.

दाराला कडी आणि वरून चिमटा, दोन्ही लाव. सुगीत घरोघरी उंदराचं औषध ठेवतात. उंदराला ओकता येत नाही. पोटात गेलेलं विष बाहेर काढायची वाट त्याच्याकडे नाही. निसटलेला उंदीर बहुधा त्यानेच जातो. गल्लीतली मांजर आणि तुझा निष्काळजी भाऊ, दोघांचाही विचार करून कडी घाल.

डॉक्टर आधीच ठरवून ठेव. गुरांचे डॉक्टर उंदीर बघतीलच असं नाही. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे उंदीर आणायच्या आधी विचारून ये. नाकाडोळ्यांभोवती लालसर दिसलं तर घाबरू नको, ते रक्त नसून डोळ्यामागच्या ग्रंथीचा स्राव असतो; पण ताण किंवा आजार असल्याशिवाय तो एवढा दिसत नाही. श्वास घेताना घरघर ऐकू आली तर मात्र सकाळची वाट बघू नको. त्याच दिवशी निघ, आणि जोडीदारालाही सोबत ने.