बंदी, शिधा आणि उपचार

मद्यपानाची हानी कशी रोखावी, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेने १९२० साली एका शब्दात दिले : बंदी. मद्यपान घटले खरे. पण चोरटा धंदा फोफावला, विषारी दारूने माणसे दगावली आणि १९३३ साली बंदी उठवावी लागली.

स्वीडनने १९२२ च्या सार्वमतात बंदी थोडक्या मतांनी नाकारली. तेथे मद्याचा शिधा आधीच ठरलेला होता. ग्राहकाजवळ एक नोंदवही असे. त्याचे उत्पन्न व वर्तन पाहून वाटा ठरे. विवाहित स्त्रियांस ती वही बहुधा मिळतच नसे. हा न्याय आम्हांस तरी उमगत नाही. १९५५ साली शिधा संपताच पिणे वाढले, तेव्हा सरकारने कर वाढविले. आजही घरी न्यावयाचे कडक मद्य तेथे मुख्यतः सरकारी दुकानांतच मिळते, आणि रविवारी दुकान बंद!

परंतु ज्यास व्यसन जडलेच आहे, त्याचे काय? डेन्मार्कमधील हाल्ड व याकोबसेन या संशोधकांनी १९४८ च्या सुमारास डायसल्फिराम हे औषध पुढे आणले. मद्यापासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य बनते. हे औषध त्याचा निचरा होऊ देत नाही. मग घोटभर मद्यानेही चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या येतात. त्या धाकानेच रुग्ण मद्यापासून दूर राहतो. आपल्याकडे काही घरांत हे औषध रुग्णाच्या नकळत भाजीत कालवले जाते. हे घातक आहे. औषधाची कल्पना नसता त्याने मद्य घेतल्यास रक्तदाब घसरून प्राणांवर बेतू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाच्या संमतीनेच द्यावयाचे असते. तेही शेवटच्या पेल्यानंतर निदान बारा तास उलटल्यावर.