‘सीपी’ म्हणून मिटलेली फाईल

आमचा मुलगा आठ महिन्यांचा झाला तरी मान धरत नव्हता. पुण्यातल्या एका नावाजलेल्या तज्ज्ञांनी फाईलवर ‘सेरेब्रल पाल्सी’ (सीपी) लिहिलं आणि म्हणाले, “जन्मल्यावर लगेच रडला नसेल.” रडला होता, चांगला खणखणीत. डिस्चार्ज कार्डावर तसं लिहिलेलं होतं, पण ते त्यांनी उघडलंच नाही. लंगोटात नारिंगी रेतीसारखं काही साठतं, म्हणून फोटो दाखवला, तर म्हणाले, “पाणी पाजत जा.”

दात आल्यावर त्याने स्वतःचा खालचा ओठ चावून फाडला. पुढे बोटं. रडत रडत चावायचा, दुखतंय हे त्याला कळत होतं. तज्ज्ञांनी सासूबाईंच्या देखत मला विचारलं, “घरात त्याला कुणी मारतं का?” त्या प्रश्नाने घरात काय काय झालं, ते मी इथे लिहीत नाही.

शेवटी मुंबईला जेनेटिक्सच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी मुलाचे ओठ पाहिले, हात पाहिले आणि विचारलं, “तान्हा असताना लंगोट नारिंगी व्हायचा?” मी त्याबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं. फोन उघडून तोच फोटो त्यांच्यापुढे धरला. तेव्हा जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

आजाराचं नाव लेश-नायहन. मायकेल लेश आणि विल्यम नायहन यांनी १९६४ मध्ये दोन भावांवरून त्याचं वर्णन केलं. लेश तेव्हा वैद्यकीय विद्यार्थी होते. १९६७ मध्ये कारण सापडलं: एचपीआरटी हे विकर (एन्झाइम) काम करत नाही. पेशींतली वापरलेली प्युरिनं ते पुन्हा उपयोगात आणतं. ते नसलं की प्युरिनांचं यूरिक ॲसिड होत राहतं आणि मूत्रपिंडात खडे धरतात. एचपीआरटी-१ हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून आजार बहुधा मुलग्यांनाच होतो. या जनुकातले शेकडो वेगवेगळे बदल आजवर नोंदले गेलेत. माझ्या बाळंतपणाचा, माझ्या खाण्याचा, आमच्या घरातल्या वातावरणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

ज्यांच्या मुलाला ‘सीपी’ म्हटलंय पण बाळंतपण सुरळीत झालं होतं, त्यांनी यूरिक ॲसिड तपासा. फक्त रक्तातलं पाहून थांबू नका. लहान मुलांत ते जवळपास नॉर्मल येऊ शकतं. लघवीतल्या यूरिक ॲसिडचं क्रिएटिनिनशी प्रमाण मागा. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत लंगोटावर यूरिक ॲसिडचा नारिंगी डाग निरोगी बाळालाही दिसतो. पुढेही दिसत राहिला तर सोडू नका. एक्झोम (जनुकांच्या) तपासणीत काही सापडलं नाही तरी शंका दाट असेल, तर रक्तपेशींतल्या विकराची तपासणी होते का, ते विचारा. डॉक्टरांना प्रश्न विचारा, कागद जपून ठेवा.

ॲलोप्युरिनॉल या औषधाने मूत्रपिंडं वाचतात, चावणं थांबत नाही. रागावून किंवा शिक्षा करूनही नाही, उलट वाढतं. आमचा मुलगा कोपरांना मऊ पट्टे बांधून घ्यायला स्वतःच हात पुढे करतो. पट्टे सुटले की घाबरतो. शेजारच्या काकूंनी ‘पोराला बांधून ठेवतात’ असं सोसायटीभर सांगितलं. अशांना समजावण्यात मी आता शक्ती घालवत नाही.

आईची तपासणी करून घ्या, आणि तिच्या बहिणींचीही. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यता निम्मी. आईच्या रक्तात बदल सापडला नाही, तरी तो तिच्या बीजपेशींत असू शकतो, म्हणून पुढच्या गरोदरपणाआधी जेनेटिक्सच्या डॉक्टरांना भेटा. अशा आजारासाठी गर्भाची तपासणी पीसीपीएनडीटी कायद्याला मान्य आहे, पण नोंदणीकृत केंद्रातच. आणि त्याआधी कुटुंबातला नेमका बदल हातात असावा लागतो. माझ्या धाकट्या बहिणीला दिवस गेले तेव्हा आमच्याकडे फक्त ‘सीपी’ची फाईल होती. ते सगळे महिने तिने कशाचीही तपासणी न करता काढले. मुलगी झाली. ती वाहक आहे का, हे तिला मोठी झाल्यावरच विचारून ठरवायचं आहे.

एचपीआरटी-१ चा रिपोर्ट मी त्या तज्ज्ञांच्या दवाखान्यात नेऊन दिला. रिसेप्शनवरच्या मुलीने पोच दिली. त्यांचा फोन आलेला नाही.