फी भरण्याआधी एक उपग्रहचित्र उघडून बघा

बारावीचा निकाल लागला की उमरगा तालुक्यातल्या मुरुममधल्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: सोलापूर, लातूर की थेट पुणे? त्यात अलीकडे ‘जीआयएस’ (संगणकावरचं नकाशांचं काम) आणि ‘रिमोट सेन्सिंग’ (उपग्रहचित्रांवरून जमीन वाचणं) या अभ्यासक्रमांच्या नावांची भर पडली आहे, आणि नाव नवं असलं की फीचा आकडाही भारदस्त होतो. माझं मत असं की, आपल्या मुलाला वा मुलीला हे काम मानवेल का, हे घरच्याच संगणकावर, फी न भरता पारखता येतं. ‘क्यूजीआयएस’ आणि युरोपीय अंतराळ संस्थेचं ‘स्नॅप’ ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. सेंटिनेल उपग्रहांची चित्रंही फुकट. सेंटिनेल-2 जमीन 10 मीटरच्या चौकोनांत टिपतो, म्हणजे एका एकरात असे साधारण 40 चौकोन. शिवारातलं पीक वाचायला एवढं पुरतं.

सॉफ्टवेअर उतरवून घेणं सोपं. कस लागतो तो पुढे. चित्राची एक फाइल जवळजवळ एक जीबीपर्यंत जाते आणि सुमारे 110 किलोमीटर लांब-रुंद मुलूख दाखवते. 8 जीबी रॅमच्या संगणकावर अख्ख्या चित्राचं गणित मांडलं की मशीन हँग होण्याची शक्यता फार. मग सेटिंगमध्ये जाऊन सॉफ्टवेअरला किती रॅम द्यायची आणि विंडोजसाठी किती राखायची हे ठरवावं लागतं, तात्पुरत्या फाइल मोकळ्या ड्राइव्हवर वळवाव्या लागतात, आणि मुख्य म्हणजे मुरुम-उमरगा परिसरापुरता तुकडा आधी कापून घ्यावा लागतो. मग चित्रातल्या चौथ्या (लाल) आणि आठव्या (अवरक्त) प्रकाशपट्ट्यांवरून पिकाची हिरवाई मोजता येते. इथली एक चूक मोठी बोलकी आहे. नकाशाच्या यूटीएम पद्धतीत मुरुम 43 उत्तर या विभागात येतं. तुकड्याला चुकून 44 चा शिक्का लागला, तर सॉफ्टवेअर बहुधा चकार शब्द काढत नाही. शिवार मात्र 600 किलोमीटरहून अधिक पूर्वेला, आंध्रात विशाखापट्टणमच्या बाजूला जाऊन बसतं. हे का झालं याचा छडा लावल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, त्याने या क्षेत्रात जरूर यावं. रंगीत नकाशा दिसला की ज्याचं समाधान होतं, त्याच्यावर लाखभर खर्च करू नये.

कुणी म्हणेल, आता सगळं क्लाउडवर होतं, मग घरी खटपट कशाला? क्लाउड रॅमची अडचण सोडवतो, विचाराची नाही. सोयाबीन शेतात उभं असतं तेव्हा आभाळ भरलेलं असतं. ढगांखालचं शेत कसं बघायचं, हा प्रश्न तिथेही सुटत नाही. त्यासाठी सेंटिनेल-1 सारखा रडार उपग्रह लागतो. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून सुटलेला इस्रो-नासाचा ‘निसार’ही रडारचाच, आणि तो जमिनीची सूक्ष्म हालचालही मोजतो. 1993 चा भूकंप सोसलेल्या या पट्ट्याला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. दुसरा आक्षेप नोकरीचा, आणि तो रास्त आहे. नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, पीक विम्याची कामं, खासगी कंपन्या ही दारं आहेत. पण सरकारी जागा मोजक्या, आणि पुष्कळदा कंत्राटी. म्हणून भूगोल, कृषी, स्थापत्य किंवा संगणक यांतली पदवी पक्की करावी आणि हे कौशल्य तिला जोडावं. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क चालवते. पुण्याची फी भरण्याआधी तिथे नाव नोंदवा.