टँकमधल्या माशाचा फोटो सुधारायचाय? आधी हिशोब पाहा

फोटो हिरवट आलाय. माशाभोवती पांढरे ठिपके दिसतायत. काचेत तुमचा हात उमटलाय आणि मागचा ट्यूबलाइटही. हे सगळं सुधारायला किती खर्च येतो? बहुतेकांना शून्य रुपये. घरच्या गप्पी, मॉली, एंजल, फायटरचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे, विक्रीसाठी टाकायचे किंवा एखादा फ्रेम करून भिंतीवर लावायचा, एवढ्यासाठी पैसे भरून सॉफ्टवेअर घेऊ नका. पैसे गळतात ते वेळेत बंद न केलेल्या ट्रायलमध्ये आणि नकळत भरलेल्या स्टोरेजमध्ये. म्हणून आधी मोफत काय होतं ते बघू, मग गळती कुठे असते ते.

कोणता फोटो वाचतो, कोणता नाही

तीन प्रकारचे फोटो थेट डिलीट करा. मासा हललेला. फोकस माशाऐवजी मागच्या वनस्पतीवर गेलेला. आणि खवले चमकून पार पांढरे पडलेले. एंजल, अरोवाना अशा चंदेरी माशांत हे हमखास होतं. पांढऱ्या झालेल्या जागी माहितीच उरत नाही, ती कोणतंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. 'एआय शार्पन' वाली ॲप खवले 'परत आणतात', पण ते त्यांनी मनाने काढलेले असतात. मासा विकायला ठेवणार असाल तर ही गिऱ्हाइकाची फसवणूक ठरते.

सुधारता येतं ते असं: रंगाची झाक, थोडा अंधार, पाण्यातला कचरा, काचेवरचे बारीक डाग, वाकडी चौकट, काळवंडलेली पोटाची बाजू.

फोटो काढण्याआधीची दहा मिनिटं

इथे वाचवलेलं एक मिनिट एडिटिंगला पाच मिनिटं खातं.

काच बाहेरून ओल्या मऊ कापडाने पुसा. काच साफ करायचा स्प्रे टँकजवळ मारू नका. अमोनिया असलेला स्प्रे पाण्यात उतरला तर माशांच्या जिवावर बेततं. आतलं शेवाळ काढायला जुनं एटीएम कार्ड चालतं. टँक ॲक्रिलिकचा असेल तर कार्ड नको, मऊ स्पंज घ्या. ओरखडे कायमचे राहतात आणि प्रत्येक फोटोत येतात.

पाणी बदललं त्या दिवशी फोटो काढू नका, बुडबुडे येतात. खाणं टाकल्यावर लगेचही नको. फिल्टर आणि एअर पंप दहा मिनिटं बंद ठेवा, कचरा खाली बसू द्या. खोलीतले सगळे दिवे घालवा, फक्त टँकचा दिवा ठेवा. फोनचा फ्लॅश बंद. फोन काचेला जवळजवळ टेकवून सरळ धरा. तिरका धरलात तर जाड काचेतून कडा फाटल्यासारख्या दिसतात. मागे काळा कार्डशीट लावा. स्टेशनरीच्या दुकानात तो किरकोळ किमतीत मिळतो आणि बॅकग्राउंड काळं करण्याचं अर्धा तासाचं काम वाचवतो.

दिव्याला डिमर असेल तर तो पूर्ण वर न्या. मंद केलेला एलईडी लुकलुकतो आणि फोटोवर आडवे पट्टे येतात. ते एडिटिंगमध्ये धड निघत नाहीत. वनस्पतींसाठीचा गुलाबी-जांभळा किंवा समुद्री टँकचा निळा दिवा पाच मिनिटांसाठी पांढऱ्या मोडवर टाका. 'प्रो' मोड असेल तर शटर १/१२५ किंवा त्याहून जलद ठेवा. नसेल तर बर्स्ट वापरा: तीस-चाळीस फोटो काढा, दोन ठेवा.

कोणतं सॉफ्टवेअर, किती रुपये

*फोनवर:* स्नॅपसीड. गुगलचं, मोफत, जाहिराती नाहीत, रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइलही (डीएनजी) उघडतं. नवशिक्याला इथेच थांबायला हरकत नाही.

*फोनवरच, दुसरा पर्याय:* लाइटरूम. डाउनलोड मोफत, उजेड-रंगाच्या पट्ट्या मोफत. नेमक्या माशापुरता बदल करायला लागणारं मास्किंग आणि ठिपके काढायचं हीलिंग मात्र पैसे भरल्यावर. म्हणजे माशांच्या फोटोला जे दोन लागतात, तेच कुलपात.

*कॉम्प्युटरवर:* गिम्प, डार्कटेबल, रॉथेरपी. तिन्ही कायमचे मोफत. गिम्पमध्ये ठिपके आणि बॅकग्राउंड, बाकी दोन रॉ फाइलसाठी. किंमत वेळेत मोजावी लागते; हात बसायला दोन-तीन रविवार धरा. अॅफिनिटी ऑक्टोबर २०२५ पासून मोफत आहे, पण त्याला कॅनव्हाचं खातं लागतं आणि एआयची साधनं पैसे भरणाऱ्यांनाच मिळतात.

*काही इन्स्टॉल करायचं नसेल तर:* फोटोपी. ब्राउझरमध्ये चालतं, फोटो तुमच्याच मशीनवर राहतो. शेजारी जाहिराती दिसतात. त्या घालवायच्या असतील तरच पैसे.

दोन शॉर्टकट टाळा. एक, पाच-सातशे रुपयांत 'फुल व्हर्जन फोटोशॉप' टाकून देणारा. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर व्हायरस येऊ शकतो, आणि त्याच मशीनवर तुमचं नेटबँकिंग असतं. दोन, सर्चमध्ये वर दिसणारी 'फ्री डाउनलोड'ची जाहिरात. मोफत सॉफ्टवेअरच्या नावाने खोट्या साइट चालतात. गिम्प घ्यायचं तर गिम्प डॉट ऑर्ग हाच पत्ता टाइप करा.

स्नॅपसीडमध्ये पाच मिनिटांचं काम

क्रम बदलू नका.

पहिलं, क्रॉप. पाण्याची रेघ आडवी सरळ करा, मासा ज्या दिशेला पाहतोय तिकडे मोकळी जागा ठेवा.

दुसरं, व्हाइट बॅलन्स. ड्रॉपर घेऊन फोटोतल्या खरोखर पांढऱ्या वस्तूवर टेकवा: पांढरी वाळू, एअर पंपाची पांढरी नळी. ड्रिफ्टवुड किंवा बदामाची पानं टाकलेल्या टँकची पिवळी झाक इथेच जाते. माशाच्या पांढऱ्या अंगावर ड्रॉपर टेकवू नका. त्यावर शेजारच्या वनस्पतीचा हिरवा रंग पडलेला असतो.

तिसरं, ट्यून इमेज. आधी हायलाइट्स खाली, मग शॅडोज थोडे वर. सॅच्युरेशनला शक्यतो हात लावू नका. लाल फायटर, फ्लॉवरहॉर्न, चेरी श्रिम्प यांचा लाल आधीच टोकाला असतो. अजून वाढवलात की खवले जाऊन नुसता लाल डाग उरतो.

चौथं, सिलेक्टिव्ह. माशाच्या अंगावर बिंदू ठेवा, दोन बोटांनी वर्तुळ माशाएवढं करा, उजेड वाढवा. मागच्या भागावर दुसरा बिंदू, तिथे कमी. मासा उठून दिसतो तो या पायरीने.

पाचवं, डिटेल्स. थोडंच. जास्त केलंत तर पाण्यातला कणनकण टोकदार होतो.

सेव्ह करताना मूळ फोटोवर लिहू नका, कॉपी काढा.

ठिपके पुसण्याआधी थांबा

हीलिंग टूल सगळ्यांचं आवडतं. बोट टेकवलं की ठिपका गेला. पण इथे मी स्वतः फसलो आहे.

काळ्या मॉलीचा फोटो होता. अंगावर मिठाच्या कणांसारखे पाच-सहा पांढरे ठिपके. पाण्यातला कचरा समजून मी ते एकेक करून पुसले, मासा कसा स्वच्छ, चकचकीत काळा झाला. मग त्याच बर्स्टमधला पुढचा फोटो घेतला. मासा दोन बोटं पुढे सरकला होता आणि शेपटीजवळचे तीन ठिपके बरोबर तिथेच होते, शेपटीजवळ. तिसऱ्या फोटोतही. तो कचरा नव्हता. इच होता, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. मी बसून आजार पुसत होतो.

तेव्हापासूनचा नियम: हीलिंगआधी एकाच माशाचे लागोपाठचे तीन फोटो पाहा. पाण्यातला कचरा दर फोटोत माशाच्या वेगळ्या जागी येतो. काचेवरचा डाग चौकटीत जागचा हलत नाही, मासा पुढे जातो. ठिपका माशाबरोबर सरकत असेल तर ॲप बंद करा आणि टँककडे जा.

दुकानदाराला किंवा डॉक्टरला आजार दाखवायला फोटो पाठवताय? मग काहीही एडिट करू नका. व्हॉट्सॲपवर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा; साध्या पद्धतीने पाठवला की फोटो दाबला जातो आणि बारीक ठिपके पुसट होतात.

पैसे कुठे गळतात

*ट्रायल.* 'सात दिवस मोफत' म्हणणारं ॲप पहिल्याच दिवशी कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे मागतं. ॲप फोनवरून काढून टाकलं तरी वर्गणी चालूच राहते. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर, प्रोफाइल, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स इथे जाऊन रद्द करा. आयफोनवर सेटिंग्ज, तुमचं नाव, सबस्क्रिप्शन्स. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, किमान २४ तास आधी. आपोआप पैसे कापण्याआधी २४ तास सूचना पाठवणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे. तो एसएमएस न वाचता सरकवू नका. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही.

*'महिन्याला फक्त' वाला वार्षिक करार.* दर महिन्याचा दिसतो, बांधिलकी वर्षाची असते. ॲडोबीच्या अशा प्लॅनमध्ये १४ दिवसांनंतर बाहेर पडलात तर उरलेल्या रकमेच्या निम्मे द्यावे लागतात. समजा महिना ८०० रुपये आहे आणि चार महिन्यांनी सोडलंत. उरले आठ महिने, ६,४०० रुपये, निम्मे ३,२००. हे शुल्क ग्राहकांपासून लपवलं, असा आरोप करत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२४ मध्ये ॲडोबीविरुद्ध दावा लावला. तुम्ही 'ॲन्युअल, बिल्ड मंथली' आणि 'मंथली' यांतला फरक पैसे भरण्याआधी वाचा.

*डॉलरमधली किंमत.* कार्डावर परकीय चलनाचं शुल्क लागतं, अनेक कार्डांवर ३.५ टक्क्यांपर्यंत, वर त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे जवळपास ४.१ टक्क्यांपर्यंत जादा. रुपयांतली किंमत असेल तर ती करासह आहे का, तेही बघा.

*स्टोरेज.* फोनची एक रॉ फाइल सहज २५ एमबी होते. एका संध्याकाळचे ४० फोटो म्हणजे एक जीबी. गुगलचं मोफत खातं १५ जीबीचं, आणि १ जून २०२१ पासून फोटो त्यातच मोजले जातात, ईमेलबरोबर. पंधरा संध्याकाळीत डबा भरला, की 'स्टोरेज विकत घ्या' सुरू. उपाय फुकट आहे: रॉचा बॅकअप बंद ठेवा आणि नापास फोटो त्याच रात्री उडवा.

*प्रीसेट.* 'ॲक्वेरियम प्रीसेट पॅक', म्हणजे तयार सेटिंगचे संच, विकत घेऊ नका. प्रीसेट बनवणाऱ्याचा दिवा वेगळा, पाणी वेगळं. तुमच्या टँकवर तो क्वचितच बसतो.

प्रिंट काढायची असेल तर

आधी पिक्सेल मोजा. ४×६ इंचाला १२००×१८०० लागतात, ८×१२ ला २४००×३६००. तुमचा फोटो १२ मेगापिक्सेलचा आणि मासा चौकटीच्या एक चतुर्थांश भागात असेल, तर क्रॉप करून उरतात तीन मेगापिक्सेल. ४×६ झकास येईल. ८×१२ चे पैसे वाया. लॅबला जेपीईजी, एसआरजीबी द्या. पेन ड्राइव्हवर न्या, व्हॉट्सॲपवरून पाठवू नका. आधी एक ४×६ काढून रंग तपासा. स्क्रीनवर उजळ दिसणारं पाणी कागदावर गडद येतं. 'ऑटो करेक्शन करू नका' हे काउंटरवरच सांगा, नाहीतर लॅबचं मशीन तुमचं काळं बॅकग्राउंड राखाडी करून देईल.

दुसऱ्याकडून करून घेताना

चार प्रश्न लेखी विचारा. दर फोटोमागे की तासाचा? किती वेळा दुरुस्ती त्यात धरली आहे? जीएसटी धरून की वेगळा? लेयर असलेली मूळ फाइल मिळणार का? स्पर्धेला पाठवणार असाल तर तुमची न छेडलेली मूळ फाइल आणि स्पर्धेचे नियम दोन्ही जपा. अनेक स्पर्धा निकालाआधी मूळ फाइल मागतात.

पैसे कापलेच, तर

प्ले स्टोअरवरची खरेदी ४८ तासांच्या आत असेल तर परतावा तिथूनच मागता येतो. नाही मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. रद्द करण्याची वाट लपवून ग्राहकाला वर्गणीत अडकवणं हे नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 'डार्क पॅटर्न' आहे. तक्रारीत हा शब्द लिहा. सोबत हे ठेवा: बँकेचा एसएमएस, पावती, रद्द केल्याचा ईमेल आणि प्लॅनच्या पानाचा स्क्रीनशॉट. हा स्क्रीनशॉट पैसे भरतानाच काढायचा असतो, नंतर पान बदलतं.

आणि एडिटिंगला बसण्याआधी एक काम. फिल्टर आणि एअर पंपाचं बटण परत चालू केलंत का? एकदा उठून बघून या.