दादरचे दोन एक नंबर

अगं, यंदा बांद्र्याच्या जत्रेला आपल्या पॅरिशची मुलं तू नेणार हे कळलं आणि फार बरं वाटलं. सामानाची यादी मागितलीस, तीही देईन. पण त्याआधी एक गोष्ट ऐक. ती मी फार कुणाला सांगितलेली नाही.

बरीच वर्षं झाली. बांद्र्याच्या मोतमाउलीचं दर्शन घेऊन आम्ही परत निघालो होतो. मुलांचं प्रार्थनेत लक्ष राहावं म्हणून सगळ्यांचे मोबाइल मीच गोळा करून पिशवीत ठेवले होते. दादरच्या पुलावर रेटारेटी सुरू झाली, तेव्हा मी मोठ्याने सांगितलं, "कुणी मागे राहिलं तर एक नंबरवर थांबा." तेव्हा दादरला एक नंबरचे प्लॅटफॉर्म दोन होते, वेस्टर्न रेल्वेचा वेगळा आणि सेंट्रलचा वेगळा. मला ते ठाऊक होतं, पण त्या घाईत सुचलंच नाही. नववीतली एक पोर वेस्टर्नच्या एक नंबरवर जाऊन उभी राहिली आणि आम्ही सेंट्रलच्या. पाऊण तासाने सापडली. खांबाला पाठ लावून उभी होती. जपमाळ इतकी घट्ट धरलेली, की तळव्यावर मण्यांचे वळ उठले होते. चार पावलांवर पोलीस उभा होता, पण तिने त्याला काही विचारलं नाही. मी म्हटलं, "अगं, का नाही विचारलंस?" तर म्हणाली, "तुम्ही सगळ्यांसमोर रागवाल असं वाटलं, ताई."

चूक माझी होती, आणि भीती तिला माझी वाटत होती. हे मला अजून टोचतं.

डिसेंबर २०२३ पासून दादरचे नंबर सलग झालेत. वेस्टर्नचे १ ते ७, सेंट्रलचे ८ ते १४. तो घोळ मिटला. भीतीचं मात्र तुलाच बघावं लागेल. निघण्याआधी मुलांना स्वच्छ सांग: हरवलात, पैसे गेले, काहीही झालं तरी आधी मला सांगायचं, मी रागावणार नाही. आणि मग खरंच रागवू नकोस. एकाला जरी चारचौघांत झापलंस, तरी बाकीचे त्या क्षणापासून तुझ्यापासून लपवायला लागतात.

आपली पोरं हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत वाढलेली. गर्दीची त्यांना सवय आहे असं आपल्याला वाटतं. पण हरेगावला कुणाचा तरी मामा, कुणाची तरी आत्या बघत असते. मूल एकटं दिसलं की हाताला धरून आणून सोडतात. बांद्र्याला ओळखीचं कुणी नाही. म्हणून पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेव, आणि त्या माणसाला आपली मुलं नावानिशी ठाऊक हवीत. नुसती डोकी मोजून भागत नाही, मोजणीत दुसऱ्याच गटाचं पोर येतं. मोबाइल मुलांकडेच राहू दे. शिवाय तुझा आणि घरचा नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात. बॅटरी संपली की नंबर कुणालाच पाठ नसतो.

लोकलचा नियम एकच ठेव. जो मागे राहिला त्याने जागचं हलायचं नाही. जे चढले त्यांनी पुढच्या स्टेशनला उतरायचं, आणि एका मोठ्या माणसाने मागे परत यायचं. चालत्या गाडीमागे कुणीही धावायचं नाही. दादरहून स्लो गाडी धर. माटुंगा रोड, माहीम आणि तिसरं बांद्रा. पोरांना बोटांवर मोजता येतं. मुली लेडीज डब्यात बसणार असतील तर सोबत दोन बायका हव्यात. आणि बांद्रा टर्मिनस वेगळं, बांद्रा स्टेशन वेगळं, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेव.

पाऊस आला तर पुलाच्या जिन्यावर आडोशाला थांबू नका. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर अशीच पावसात माणसं अडकली आणि चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. चप्पल निसटली तर जाऊ दे, गर्दीत वाकायचं नाही. बांद्र्याला बँडस्टँडच्या खडकांवर फोटोसाठी उतरायचं नाही. शेवाळ असतं, आणि भरतीचं पाणी पाठीमागून कधी येतं ते कळत नाही. या एका बाबतीत लाड करू नकोस.

आता जे बोलायला जड जातं ते. धोका नेहमी परक्या माणसाकडूनच येतो असं नाही. मुक्कामाला मुलींची खोली वेगळी, मुलांची वेगळी. कुणीही मोठं माणूस, ते कितीही मानाचं असो, एकट्या मुलाला घेऊन बंद खोलीत बसणार नाही, समुपदेशनासाठीसुद्धा नाही. हा नियम फादरांसमोर, सगळ्यांच्या देखत सांग, म्हणजे कुणाला तो आपल्यावरचा संशय वाटणार नाही. आणि एखादं लेकरू तुझ्याजवळ येऊन म्हणालं, "ताई, त्या दादाचं वागणं मला आवडलं नाही," तर "असेल काहीतरी, मनावर घेऊ नकोस" हे शब्द तोंडातून येऊ देऊ नकोस. ऐकून घे, त्याला एकटं सोडू नकोस. छळाचा प्रकार असेल तर पॅरिशची बदनामी होईल म्हणून आपापसात मिटवायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाबाबत असं कळलं तर पोलिसांना कळवावंच लागतं, दडवणं हाच गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८, तातडीला ११२, रेल्वेत १३९. त्या खिशातल्या कागदावर हेही लिही.

आणि हो, पिशवीत चार-पाच पॅड जास्तीचे ठेव. पहिल्याच प्रवासात एखादीला नेमकी तेव्हाच पाळी येते, आणि ती लाजून दिवसभर तशीच चालत राहते. दम्याचा पंप, फिटच्या गोळ्या कुणाला लागतात ते पालकांकडून लिहून घे.

रविवारी मिस्सा झाल्यावर मुलांना आवारातच थांबव. फरशीवर खडूने डब्याची दारं आखू आणि चढण्याची, मागे राहण्याची, परत येण्याची तालीम करू. मी येतेच आहे. खडू तेवढा घेऊन ये, पांढरा नको, फरशीवर दिसत नाही.